वाचणे आणि वाचणे

संपादकांचे पत्र आले. दिवाळी अंकासाठी नेहमीच्या दीड रकान्याऐवजी या वेळी तुम्हाला ऐसपैस जागा देतो, विषय तुमच्या आवडीचा घ्या, मात्र काही तरी प्रसन्न असू द्या. ऐसपैस जागेचा आनंद झाला, पण 'प्रसन्न' या शब्दापाशी मी अडलो. कारण जे लिहावे असे गेले वर्षभर मनात घोळत होते ते प्रसन्न आहे की नाही, हे माझे मलाच सांगता येत नव्हते. शेवटी ठरवले, लिहून टाकावे. फराळाच्या ताटात एखादे कडबोळे तिखट निघाले म्हणून कोणी ताट परत करीत नाही.

या सदराच्या वाचकांना माहीत आहे की मी मराठी शिकवतो आणि शब्दांच्या कुळकथा सांगून पाने भरतो. मी ख्रिस्ती आहे हेही त्यांतल्या बहुतेकांना माहीत असेल. परंतु धर्माविषयी मी येथे फारसे लिहिलेले नाही. धर्मावर लिहू लागलेला माणूस पाहता पाहता उपदेशावर येतो, आणि उपदेश करण्याचा पगार मला कॉलेजात मिळतोच.

आमच्या गल्लीत दर बुधवारी संध्याकाळी साडेसातला आत्यांच्या घरी बायबलचा अभ्यास असतो. ही माझी सख्खी आत्या नव्हे, सगळ्या मंडळीची आत्या. (मराठी ख्रिस्ती माणूस चर्चमधल्या समुदायाला 'मंडळी' म्हणतो. हा शब्द मला फार आवडतो. त्यात जेवणावळीचा वास आहे.) आत्यांनी तीस वर्षे सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून काढली. त्यांच्या घरी पाळकसाहेब नसतात, प्रवचन नसते, पेटी असते पण ती वाजवणारा मुलगा नोकरीला बंगलोरला गेल्यापासून ती बंदच आहे. पाचसात माणसे सतरंजीवर बसतात. एसटीतून निवृत्त झालेले एक ड्रायव्हरकाका, दोन शिक्षिका, संगणकाच्या कंपनीतला एक तरुण, माझी पत्नी आणि मी. आत्यांचा नियम साधा आहे. ठरलेला शास्त्रभाग तीनदा वाचायचा, तीन वेगवेगळ्या माणसांनी. मग पाच मिनिटे कोणी बोलायचे नाही. मग ज्याला जे बोचले त्याने ते सांगायचे. 'आवडले' म्हटलेले त्यांना चालत नाही. "आवडायला काय ते नाटक आहे?" असे त्या विचारतात.

या बैठकीत मी बरीच वर्षे चालता कोश होतो. कोणी अडले की सगळे माझ्याकडे पाहत, आणि मी सांगत असे. 'नवा करार' यातला 'करार' अरबीतून आपल्याकडे आला. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ करार असाही होतो आणि मृत्युपत्र असाही होतो, आणि इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या नवव्या अध्यायात लेखकाने या दोन अर्थांचा फायदा घेतला आहे. आपण 'पश्चात्ताप' म्हणतो त्यात नंतर होणारा ताप आहे, पण ग्रीक शब्दात ताप नाही, मन बदलणे आहे. आणि जुन्या करारातल्या इब्री शब्दात तर नुसते मागे वळणे आहे, चुकलेल्या वाटेवरून माणूस मागे फिरतो तसे. मी हे सांगितले की शिक्षिका वहीत लिहून घेत. मला बरे वाटे. आपला बायबलचा अभ्यास चांगला चालला आहे अशी माझी समजूत होती. मला काही बोचत नसे, पण कोशाला काही बोचावे अशी अपेक्षाही कोणी केली नव्हती.

आता पंडिता रमाबाईंकडे वळतो, कारण माझ्या या समजुतीला पहिला तडा त्यांनी दिला. एम.ए.च्या वर्गाला मराठी गद्याच्या इतिहासात रमाबाई शिकवायच्या असतात. पाच-दहा मिनिटांत आटपण्याचा रिवाज आहे. स्त्रियांसाठी काम, शारदासदन, केडगावचे मुक्तिसदन, बायबलचे भाषांतर, झाले. (केडगाव दौंडजवळचे. आम्हा नगरकरांना हे दर वेळी सांगावे लागते, कारण आमच्याकडेही एक केडगाव आहे.) गेल्या वर्षी मात्र त्यांनी 1907 साली लिहिलेली आपल्या श्रद्धेची हकीकत मी पुन्हा नीट वाचली, आणि एका जागी थांबलो.

रमाबाईंचा जन्म 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे. घरातल्या बायकांना संस्कृत शिकवले म्हणून लोकांचा रोष पत्करलेला माणूस. सगळे कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत देशभर फिरले. दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली. उरलेली दोघे, रमाबाई आणि त्यांचे भाऊ श्रीनिवास, पायी हिंडत 1878 साली कलकत्त्याला पोहोचली. तेथल्या पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची विद्या पाहून तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. त्याच कलकत्त्यात एका ख्रिस्ती मेळाव्यात कोणी तरी तिच्या हातात बायबल ठेवले, आणि तेही संस्कृतात! सगळ्या हिंदुस्थानात त्या क्षणी संस्कृत बायबल वाचायला तिच्याहून योग्य बाई सापडली नसती. तिने उघडून पाहिले, आणि त्यातले तिला काही लागेना. संस्कृत असे, पण पुराणांचे नव्हे. शिकवण तर अगदीच परकी. हे वाचणे म्हणजे वेळ फुकट घालवणे आहे असे तिला वाटले. तरी तिने ते पुस्तक टाकले नाही.

दोन वर्षांनी श्रीनिवास वारले. रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केले आणि त्या आसामात सिल्चरला राहू लागल्या. तेथे घरातल्या पुस्तकांत त्यांना एक लहानसे बंगाली पुस्तक सापडले. लूकचे शुभवर्तमान. बंगाली ही त्यांची मातृभाषा नव्हे, पांडित्याची भाषाही नव्हे. आणि जे संस्कृतातून आत शिरले नव्हते ते या बंगालीतून शिरले. पुढे 1882 साली नवरा गेला. मांडीवर लहान मुलगी. 1883 साली त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेजच्या भगिनींकडे राहिल्या. भगिनींनी त्यांना लंडनमधल्या फुलहॅम येथील आपले काम दाखवले. ज्या बायकांना सगळा समाज पतित म्हणून दूर लोटतो त्यांना तेथे मायेने वागवलेले पाहून रमाबाईंनी विचारले, हे तुम्ही कशाच्या जोरावर करता? उत्तरादाखल एका भगिनीने त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातली गोष्ट वाचून दाखवली. विहिरीवर आलेली शोमरोनी बाई, आणि तिच्याजवळ पाणी मागणारा येशू. रमाबाईंच्या मनाचा निर्णय तेथे झाला असे म्हणायला हरकत नाही. त्याच सप्टेंबरात त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

पण गोष्ट येथे संपत नाही, आणि म्हणूनच मी ती सांगतो आहे. बाप्तिस्म्यानंतर त्या भगिनींशी आणि चेल्टनहॅमच्या मिस बील यांच्याशी पत्रांतून कडाडून वाद घालत राहिल्या. त्र्यैक्य म्हणजे काय, चर्चचा अधिकार कोणी दिला, हे बायबलात कोठे आहे ते दाखवा. हा पत्रव्यवहार 1977 साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला आहे. ज्यांना रमाबाई म्हणजे मिशनऱ्यांनी भुलवलेली भोळी बाई वाटते त्यांनी तो एकदा चाळावा. आणि बाप्तिस्म्याला आठ वर्षे झाल्यावर, 1891 च्या सुमारास, त्यांच्या ध्यानात आले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला आहे, ख्रिस्त सापडलेला नाही. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. तोवर शारदासदन सुरू होऊन दोन वर्षे झाली होती. जगभर नाव झाले होते. आणि बाई लिहितात की मला मुख्य गोष्ट मिळालीच नव्हती.

त्या वाक्यापाशी मी थांबलो. आपल्या भाषेत पुस्तक वाचणे आणि संकटातून वाचणे याला एकच क्रियापद आहे. ही कोटी मी वर्गात दर वर्षी करतो आणि मुले दर वर्षी सौजन्याने हसतात. त्या दिवशी मी कोटी केली नाही.

मग उरलेल्या आयुष्यातली सतराअठरा वर्षे रमाबाईंनी बायबलच्या भाषांतराला दिली. हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. आधीची भाषांतरे होती; सेरामपूरला विल्यम केरी यांनी 1805 सालीच मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत छापले होते, आणि मुंबईच्या मिशनऱ्यांनीही पुढे बायबल मराठीत आणले होते. पण खेड्यातून, दुष्काळातून आलेल्या मुक्तीच्या बायकांना कळेल असे मराठी त्यांना हवे होते. अठरा हजार श्लोकांचे भागवत जिला मुखोद्गत होते असे सांगतात, त्या बाईने आपले संस्कृत बाजूला ठेवले. छापखाना मुक्तिसदनातच, खिळे जुळवायला तेथल्याच मुली. 1921 साली मुलगी मनोरमा गेली. 5 एप्रिल 1922 ला त्या स्वतः गेल्या. मुद्रिते तपासण्याचे काम तेवढ्यात जेमतेम पुरे झाले होते. पुस्तक 1924 साली निघाले. आत्यांच्या घरी त्याची एक प्रत आहे. पाठ निखळलेली, कापडात बांधलेली. बुधवारचे तिसरे वाचन तिच्यातून होते.

आता त्या बुधवारचे सांगतो.

त्याआधी थोडे घरचे सांगणे भाग आहे. नगरला (आताचे अहिल्यानगर) आमचे जुने घर आहे. आई तेथे थोरल्या भावाजवळ असे. दादा एका कारखान्यात फिटर होता. अकरा वर्षे आईचे अंथरूण त्याने आणि वहिनींनी काढले. मी पुण्याहून नाताळला जाई, मे महिन्यात जाई, फळे नेई. आई गेली. तिने मृत्युपत्र केले नव्हते. मातीच्या नंतर आठ दिवसांनी मी घराचा विषय काढला. दादा चार नातेवाइकांदेखत म्हणाला, "आईला दवाखान्यात किती वेळा नेलंस ते आधी सांग." मी उठून आलो. पुण्यात येऊन मी त्याला तीन पानी पत्र लिहिले. भाषेचा माझा सगळा व्यासंग त्या पत्रात पणाला लागला होता. एकही अपशब्द नव्हता. वकिलाने ते वाचून मला शाबासकी दिली. दादाचे उत्तर आले नाही, आणि त्यानंतर अडीच वर्षे आम्ही बोललो नाही. पुतणीच्या लग्नाची पत्रिका टपालाने आली. मी गेलो नाही. परीक्षेचे काम होते. ते खरोखरच होते, आणि त्याचा मला आनंद झाला होता.

त्या बुधवारी मत्तयाचा पाचवा अध्याय निघाला. डोंगरावरच्या प्रवचनातली ती जागा: वेदीजवळ अर्पण घेऊन आला असताना भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी जाऊन समेट करावा. वाचन तीनदा झाले. पाच मिनिटे शांतता झाली. मग नेहमीप्रमाणे सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले आणि मी सुरू झालो.

मी सांगितले की वेदी म्हणजे यरुशलेमच्या मंदिरातली. दुसरीकडे कोठे नव्हे. हे ऐकणारे लोक गालीलातले. गालीलापासून यरुशलेम सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, पायी तीन दिवसांची तरी वाट. म्हणजे माणूस तीन दिवस चालून मंदिरापर्यंत आला, अर्पण हातात आहे, आणि आता त्याला सांगितले आहे की ते ठेव आणि तीन दिवस चालत परत घरी जा. शिवाय शब्दरचना पाहा. तुझ्या मनात भावाविषयी काही असेल तर, असे म्हटलेले नाही. भावाच्या मनात तुझ्याविषयी काही असेल तर, असे आहे. बरोबर कोण आणि चूक कोण हा प्रश्नच येथे विचारलेला नाही. आणि 'समेट' हा तर आपल्याकडे पंचांच्या बैठकीतला शब्द. त्यात भावनेपेक्षा उठून जाणे, समोर बसणे, बोलणे अधिक आहे. हे सगळे मी चांगले सांगितले. शिक्षिकांनी लिहून घेतले.

ड्रायव्हरकाका बराच वेळ विचार करीत होते. ते म्हणाले, "सर, मग ते बकरं तोवर सांभाळायचं कुणी?"

सगळे हसले. मीही हसलो. काका हसले नाहीत. ते म्हणाले, "नाही, मी खरंच विचारतोय. बांधून ठेवलेलं बकरं सहा दिवस तिथं ओरडणार. येणारा-जाणारा प्रत्येक जण विचारणार, हे कुणाचं? म्हणजे त्या माणसाचं भांडण सगळ्या देवळाला कळणार. मी असतो तर आधी अर्पण उरकलं असतं अन् मग गाडी मागं घेतली असती." थोडे थांबून ते म्हणाले, "म्हणून तर मला बोचलं. मी एका मेकॅनिकला सगळ्या डेपोसमोर बोललो होतो. तो अजून हडपसरला राहतो."

मग आत्यांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे वळून अगदी सहज, औषध घेतले का असे विचारावे तसे विचारले, "तुझं नि दादाचं झालं का रे बोलणं?"

माझी पत्नी सतरंजीकडे पाहू लागली. पुणे ते नगर अंतर सुमारे एकशेवीस किलोमीटर आहे. हे मला तेथे बसल्या बसल्या आठवले, आणि मघा मी किती आत्मविश्वासाने अंतरे सांगत होतो तेही आठवले. मी म्हणालो, "तसा विषय वेगळा आहे, आत्या. त्यात कायद्याचा भाग आहे."

"असेल," आत्या म्हणाल्या, आणि प्रार्थनेला सुरुवात केली.

वाचकहो, येथे मी लगेच उठून गाडी पकडली असे लिहिले असते तर ही गोष्ट फार चांगली झाली असती. तसे झाले नाही. मी पुढचे तीन बुधवार बैठकीला गेलोच नाही. पेपर तपासायचे होते. या तीन आठवड्यांत मी बायबल उघडले नाही असेही नाही, रोज उघडले. पण ज्या पानावर उघडावे तेथे मला माझी टिपणेच दिसत. समासात बारीक अक्षरांत ग्रीक धातू, तुलना, संदर्भ. पंचवीस वर्षांच्या टिपणांत 'मी' हा शब्द एकदाही नव्हता. नारायण वामन टिळकांनी 1893 साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाकडून नवा करार घेतला आणि डोंगरावरच्या प्रवचनापर्यंत आल्यावर त्यांना पुस्तक खाली ठेववेना, हे मी कितीदा शिकवले असेल! तोच पाचवा अध्याय. मी तो किती सहज खाली ठेवत आलो होतो.

काकांनी मात्र दुसऱ्याच रविवारी हडपसर गाठले होते. मेकॅनिक घरी नव्हता. ते पुन्हा गेले. हे मला पत्नीकडून कळले. मला लाज वाटली, आणि खरे सांगायचे तर थोडा हेवाही वाटला.

चौथ्या शनिवारी मी शिवाजीनगरला नगरची एसटी धरली. दादाला कळवले नव्हते. फळे घेतली होती, ती शिरूरला गाडीतल्या एका बाईच्या मुलांना देऊन टाकली. फळे घेऊन त्या दारात उभे राहणे मला नको वाटले.

दार वहिनींनी उघडले. "या भाऊजी," त्या म्हणाल्या आणि आत सांगायला गेल्या. दादा आईच्या खोलीत रेडिओ दुरुस्त करीत बसला होता. त्याने मान वर केली नाही. मी म्हणालो, "दादा, मी चुकलो." हे दोन शब्द मी गाडीत शंभर वेळा घोळवले होते, आणि तरी ते तोंडातून निघाले तेव्हा कोणी तरी दुसराच बोलल्यासारखे वाटले.

त्याने स्क्रू नीट बसवला. मग उठून कपाट उघडले आणि माझे पत्र काढले. घड्या पडलेले, पण स्वच्छ. ते माझ्या हातात देऊन तो म्हणाला, "हे वाच. मोठ्यानं. मला तेव्हा अर्धंच कळलं होतं."

"दादा, जाऊ दे ना ते."

"वाच."

मी वाचू लागलो. मी आयुष्यात खूप वाचून दाखवले आहे; कॉलेजच्या समारंभात माझे वाचन लोक मुद्दाम ऐकायला येतात. पहिले पान कसेबसे गेले. दुसऱ्या पानावर मी आईच्या औषधपाण्याच्या खर्चाचा उल्लेख 'तथाकथित' असा केला होता. तेथे माझा आवाज बसला. वहिनी दारात उभ्या होत्या. दादा म्हणाला, "अजून दीड पान आहे." मी शेवटपर्यंत वाचले, सहीसकट.

बराच वेळ कोणी काही बोलले नाही. मग दादाने विचारले, "'उपरोक्त' म्हणजे काय रे?"

"वर सांगितलेलं."

"मग तसं लिहायचं."

एवढे बोलून तो हात धुवायला गेला. घराचा प्रश्न अजून तसाच आहे; पुढच्या महिन्यात दोघांनी मिळून कागद करायचे ठरले आहे, आणि त्यावरही एकदा तोंडातोंडी होऊन गेली आहे. त्या रात्री वहिनींनी ताटे घेतली तेव्हा दादाने आईचे बायबल माझ्यापुढे ठेवले आणि जेवणाआधी वाचायला सांगितले. कोणता भाग वाचू, असे मी विचारले. तो म्हणाला, "तुला कळेल तो वाच."